किशोरवयीन मुलांचा नेटचा अतिवापर आणि मन : अ‍ॅपमधून अभ्यास करायचा तर नेमकं काय मोजायचं?

अभ्यासिका

नमस्कार मंडळी,

मी मानसशास्त्रात संशोधन करते. १३ ते १७ वर्षांच्या मुलांचा इंटरनेटचा अतिवापर आणि त्यांचं मानसिक आरोग्य यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे पाहण्यासाठी आम्ही एक मोबाइल अ‍ॅप तयार करतोय. आराखडा लिहून झालाय, पुढच्या महिन्यात तो नैतिकता समितीपुढे ठेवायचा आहे. त्याआधी इथले पालक, शिक्षक, सॉफ्टवेअरवाले यांच्याशी बोलावं, आणि या वयाची मुलं इथे वाचत असतील तर सगळ्यात आधी त्यांचं ऐकावं, म्हणून हा धागा काढलाय.

प्रश्नावल्या आहेत की, मग अ‍ॅप कशाला, असं बरेच जण विचारतात. मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांनी १९९८ साली नेटचा अतिवापर मोजणारी २० प्रश्नांची चाचणी तयार केली, ती अजूनही जगभर वापरतात. पण तेव्हा नेटवर 'जावं' लागायचं. संगणकापाशी बसायचं, जोडणी करायची, काम झालं की उठायचं. त्या चाचणीत 'दुसरं काम बाजूला ठेवून आधी ई-मेल बघता का' असा एक प्रश्न आहे. आजच्या चौदा वर्षांच्या मुलाला तो विचारून काय कळणार? त्याच्यासाठी नेटवर जाणं आणि नेटवरून उठणं या वेगळ्या गोष्टी उरलेल्याच नाहीत.

दुसरी अडचण अंदाजाची. 'रोज किती तास फोन बघतोस' या प्रश्नाचं उत्तर आणि फोनमधली प्रत्यक्ष नोंद यांचा मेळ किती बसतो, हे बऱ्याच अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून २०२१ मध्ये तपासलं गेलं. सहसंबंध निघाला ०.३८ (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ). म्हणजे अंदाज अगदीच हवेतला नसतो, पण त्यावर निष्कर्षाची इमारत उभी करावी इतका पक्काही नसतो. मुलं खोटं बोलतात म्हणून असं होतं असं मुळीच नाही. मोठ्यांनाही आपला वेळ आठवत नाही.

म्हणून आमचं अ‍ॅप दोन गोष्टी करणार आहे. एक, फोन किती वेळा उघडला, पडदा किती वेळ चालू होता, कोणत्या प्रकारचं अ‍ॅप कधी वापरलं, याची नोंद आपोआप ठेवणार. दोन, दिवसातून पाच वेळा दोन-तीन छोटे प्रश्न विचारणार : आत्ता काय करतोयस, कुणाबरोबर आहेस, कसं वाटतंय. ही पद्धत तशी जुनी आहे. १९७० च्या दशकात शिकागोत मिहाय चिकसेंटमिहाय आणि रीड लार्सन यांनी मुलांकडे पेजर दिले होते. पेजर वाजला की जिथे असतील तिथे मुलांनी त्या क्षणाचं लिहायचं. आता पेजरच्या जागी फोन आलाय, आणि ज्याचा अभ्यास करायचा तोही फोनच आहे.

मेसेजमधला मजकूर, फोटो, आवाज, ठिकाण यातलं काहीही अ‍ॅप घेणार नाही. अभ्यास १४ दिवसांचा. पहिल्या आणि शेवटच्या दिवशी नैराश्याची किशोरवयीनांसाठीची ९ प्रश्नांची प्रश्नावली मुलांनी अ‍ॅपमध्येच, त्यांना जमेल त्या वेळी भरायची.

एक खुलासा. मी 'व्यसन' हा शब्द मुद्दाम टाळलाय. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, गेमिंगचा विकार आहे. इंटरनेटचं व्यसन असा वेगळा आजार नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या नियमावलीतही ऑनलाइन गेमिंगचा विकार 'पुढील अभ्यास हवा' या भागातच ठेवलाय. जे अजून आजार म्हणून ठरलेलं नाही, ते मुलांच्या कपाळावर चिकटवायची मला घाई नाही.

यात कुठे चुकतंय ते स्पष्ट सांगा.


खिडकीपाशी

ताई, विषय काढलात ते फार बरं केलंत. मी संशोधनातली नाही, आई आहे. मुलगा पंधरा वर्षांचा. एक प्रसंग सांगते, मग तुम्हीच ठरवा तुमच्या अ‍ॅपने त्याला काय म्हणायचं.

मध्यंतरी फोनचा आठवड्याचा अहवाल पाहिला. रोजचे सरासरी सात तास. मी हबकलेच. नवऱ्याला दाखवलं, घरात दोन दिवस नुसता वाद. मुलगा एवढंच म्हणाला, "तुम्ही आकडा बघितलात, मला विचारलं नाहीत." मला तेव्हा ते उलट उत्तर वाटलं.

मग एका रात्री दीडच्या सुमारास पाणी प्यायला उठले. त्याच्या दाराखालून उजेड दिसला. तावातावाने दार उघडलं. तो पलंगावर आडवा, फोन उशीवर, कॉल चालू, स्पीकरवर. आणि दोघंही गप्प. पलीकडून फक्त श्वास आणि मधूनच पांघरूण ओढल्याचा आवाज येत होता. त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि मला हाताने जायला सांगितलं. सकाळी कळलं, त्याच्या मित्राचे आईवडील वेगळे होतायत आणि मित्राला एकट्याला झोप लागत नाही. हा गेले तीन आठवडे रात्री कॉल चालू ठेवून झोपत होता. सात तासांतला मोठा वाटा त्याचा.

तुमच्या नोंदीत हे 'संभाषणाचं अ‍ॅप, रात्री, दोन तास' असं पडणार. अतिवापर म्हणणार? झोप त्याचीही मोडत होतीच, ते मी नाकारत नाही. पण त्याला मी मोबाइलचं वेड म्हणत होते आणि ती मैत्री होती.


आकडेमोड

खिडकीपाशी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मी संख्याशास्त्र शिकवतो. तुमच्या मुलाने जे एका वाक्यात सांगितलं, तिथपर्यंत यायला आमच्या क्षेत्राला बरीच वर्षं लागली. २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची आकडेवारी तपासली. मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला फार तर ०.४ टक्का डिजिटल वापराने समजावता येतो असं निघालं. त्याच आकडेवारीत चष्मा लावण्याचा मानसिक स्वास्थ्याशी असलेला नकारात्मक संबंध त्याहून जास्त होता. एकाच आकडेवारीवर गणित हजारो तऱ्हांनी मांडता येतं आणि सोयीची तऱ्हा निवडली की हवा तो मथळा मिळतो, हे त्यांनी तऱ्हा एकेक करून चालवून दाखवलं.

पण यावरून 'काही होत नाही, मुलांना सोडून द्या' असं म्हणणारे आहेत, त्यांचंही मला पटत नाही. सरासरीच्या पोटात काय दडलंय ते बघायला हवं. २०२० मध्ये नेदरलँड्समध्ये ६३ मुलांना आठवडाभर दिवसातून सहा वेळा प्रश्न विचारले. सोशल मीडिया नुसता बघत बसल्यावर ४६ टक्के मुलांना बरं वाटत होतं, ४४ टक्क्यांना काहीच फरक पडत नव्हता आणि १० टक्क्यांना वाईट वाटत होतं. सरासरी काढली की ही १० टक्के मुलं नाहीशी होतात. अभ्यासिका, तुमचं अ‍ॅप त्या मुलांसाठी हवं.

दोन मुलांची तुलना करणं आणि एकाच मुलाच्या दोन दिवसांची तुलना करणं यांत गल्लत करू नका, ही माझी कळकळीची विनंती. टंकलेखनाचं उदाहरण घ्या. दहा जण बघितले तर भरभर टाइप करणाऱ्यांच्या चुका कमी असतात, कारण ते सरावलेले असतात. पण त्यातल्याच एकाला नेहमीपेक्षा भरभर टाइप करायला लावा, चुका वाढतात. आकडे खरे असूनही उत्तरं उलटी. 'जास्त फोन वापरणारी मुलं जास्त उदास असतात' यावरून 'या मुलाने जास्त फोन वापरला की तो उदास होतो' हे कधीच सिद्ध होत नाही. उदास झाला म्हणून फोन हातात घेतला असंही असेल. दिवसातून पाच वेळा विचारण्याचा खरा फायदा इथे आहे : आधी काय झालं आणि नंतर काय, याचा क्रम हाती लागतो.

आणि न आलेल्या उत्तरांकडे बघा. मुलांवरच्या अशा अभ्यासांचा २०१७ मध्ये आढावा घेतला होता, त्यात सरासरी ७८ टक्के प्रश्नांना उत्तरं मिळत होती. उरलेले २२ टक्के कोणत्या वेळचे? मूल खेळत होतं म्हणून उत्तर आलं नाही, की रडत होतं म्हणून? दुसरं असेल तर सगळ्यात महत्त्वाचे क्षण तुमच्या तक्त्यात मोकळे चौकोन होऊन बसतील. मोकळा चौकोन हीसुद्धा माहिती धरा. त्या तासातली फोनची नोंद तुमच्याकडे असेलच.


कोडवाला

तांत्रिक बाजू थोडी मांडतो. अशी अ‍ॅप बांधण्यात काही वर्षं गेली आहेत.

अँड्रॉइडवर ५.० आवृत्तीपासून कोणतं अ‍ॅप किती वेळ समोर होतं ते वाचता येतं. फक्त वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये जाऊन तशी परवानगी स्वतः द्यावी लागते. पण 'समोर होतं' म्हणजे 'बघत होता' नव्हे. व्हिडिओ लावून मूल झोपलं तरी घड्याळ चालू. एकाच व्हिडिओ अ‍ॅपमध्ये भूमितीचा तासही असतो आणि टाइमपासही, नोंदीत दोन्ही सारखेच. लॅपटॉप, घरातला दुसरा फोन, मित्राचा फोन हे तुमच्या कक्षेबाहेर. शिवाय ६.० आवृत्तीपासून बॅटरी वाचवण्यासाठी प्रणाली मागे चालणारी अ‍ॅप झोपवते, आणि काही कंपन्यांचे फोन तर याबाबतीत फारच कडक. 'रात्री शून्य वापर' असं दिसलं की मुलगा शहाण्यासारखा झोपला असं समजू नका, कदाचित तुमचं अ‍ॅपच झोपलेलं असेल. दर काही मिनिटांनी अ‍ॅपने 'मी जागं आहे' अशी स्वतःची खूण टाकायला हवी, म्हणजे खरा शून्य आणि खोटा शून्य वेगळे काढता येतील.

आयफोनचं दुखणं वेगळं. पडद्याच्या वेळेची ('स्क्रीन टाइम') सोय २०१८ मध्ये आली, २०२१ मध्ये ती बाहेरच्या अ‍ॅपसाठी काही प्रमाणात उघडली. पण ते आकडे फोनवर दाखवता येतात, तिथून उचलून तुमच्या सर्व्हरवर नेता येत नाहीत. म्हणून बरेच संशोधक मुलांकडून त्या पानाचे स्क्रीनशॉट मागून घेतात. म्हणजे अर्ध्या मुलांची मिनिटामिनिटाची नोंद आणि अर्ध्यांचा दिवसाचा गोळाबेरीज आकडा. हे दोन ढीग एकत्र ओतू नका.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. पाच वेळा प्रश्न विचारणार म्हणजे पाच वेळा तुम्ही स्वतः मुलाच्या हातात फोन देणार. अशाच एका अ‍ॅपची चाचणी आम्ही आधी आपापल्या फोनवर घेत होतो. माझीच नोंद उघडून बघितली. ४:१० ला प्रश्न आला, ४:११ ला उत्तर दिलं, आणि तिथून बातम्या, मग व्हिडिओ, ४:५२ पर्यंत. ती ४१ मिनिटं आमच्या अ‍ॅपने घडवली होती. तेव्हापासून मी प्रत्येक प्रश्नानंतरच्या वापराला वेगळी खूण करतो, आणि रात्री प्रश्न पाठवायचाच नाही हा नियम पाळतो.


अभ्यासिका

कोडवाला, हे आमच्या एकाही बैठकीत निघालं नव्हतं. प्रश्नानंतरच्या अर्ध्या तासाची खूण आजच आराखड्यात घातली.

आकडेमोड सर, मोकळ्या चौकोनांचं लक्षात ठेवते. खिडकीपाशी, तुमच्या मुलाला माझा नमस्कार सांगा. 'काय करतोयस' याच्या खाली आम्ही फक्त अ‍ॅपचे प्रकार दिले होते. 'कुणासाठी तरी थांबलोय' असा पर्याय कुणालाच सुचला नव्हता.


दुपारचा तास

मी शाळेत समुपदेशक आहे. बाकी सगळं वाचलं, माझा एकच मुद्दा आहे आणि त्यावर मी अडून बसणार आहे.

ती ९ प्रश्नांची प्रश्नावली. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तुम्ही लिहिलंय, मुलांनी 'जमेल त्या वेळी' भरायची. या मुलांना जमतं ते रात्री साडेअकराला, घर झोपल्यावर. समजा, एका मुलीने नवव्या प्रश्नाला 'जवळजवळ रोज' असं उत्तर दिलं आणि 'पाठवा' दाबलं. पुढे काय? ते उत्तर सर्व्हरवर जाऊन पडेल, 'धन्यवाद' असा पडदा येईल, आणि तुमचा सहायक ते दहा दिवसांनी तक्ता उघडल्यावर बघेल?

हा प्रश्न काढून टाका असं मी म्हणत नाही. विचारल्याने मुलांच्या डोक्यात विचार शिरतो, ही समजूत चुकीची आहे. २००५ साली न्यू यॉर्क राज्यातल्या सहा शाळांमध्ये दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर हेच तपासलं गेलं. आत्महत्येबद्दल विचारलेल्या मुलांचा त्रास न विचारलेल्यांपेक्षा वाढला नाही. आधीपासून नैराश्य असलेल्या मुलांना तर विचारल्याने किंचित हलकं वाटलं असावं, असं दिसलं. तेव्हा विचारा, जरूर विचारा. पण जो विचारतो त्याने उत्तर ऐकायला तिथे असलं पाहिजे. माझ्या खोलीत हा प्रश्न विचारल्यावर मी घड्याळाकडे बघत नाही. अ‍ॅपलाही ते जमलं पाहिजे, नाहीतर त्याने विचारू नये.

'मदत हवी असल्यास या क्रमांकावर फोन करा' अशी पट्टी टाकून मोकळं होणाऱ्यांपैकी तुम्ही नसाल असं वाटतं. तरीही स्पष्ट विचारते : उत्तर येईल तेव्हा कोण जागं असेल?


सतरा पूर्ण

मी १७ वर्षांची आहे. हा धागा काल वाचला. लिहू की नको असं चाललं होतं, पण 'मुलं वाचत असतील तर' असं लिहिलंय म्हणून लिहिते.

ताई, तुमच्या अ‍ॅपमधलं आईबाबांना दिसणार असेल तर मी ते टाकून घेईन, आणि जे खरं बघायचंय ते दुसऱ्या फोनवर बघेन. माझ्या ओळखीतले बहुतेक जण हेच करतील. तुम्हाला एकदम आदर्श मुलांचा डेटा मिळेल.

'कसं वाटतंय, १ ते ५' याला मी कायम ३ देते. असे प्रश्न आम्हाला आधीही आलेत. ३ दिलं की पुढचा प्रश्न येत नाही. १ दिलं तर 'का?' येतं, आणि भर दुपारी सगळ्यांमध्ये बसून का ते कसं लिहिणार.

आणि तो 'अतिवापर' शब्द. तो वाचला की वाटतं निकाल आधीच लागलाय, आता फक्त पुरावा गोळा करतायत. मला खरंच त्रास होतो हो. काही रात्री मला फोन ठेवायचा असतो. मी स्वतःला सांगते की हा शेवटचा. अंगठा आपोआप वर जातो. बघतेय ते आवडतही नसतं. शेजारी बहीण झोपलेली असते, आणि मी ब्राइटनेस अगदी कमी करून तेच तेच बघत असते. सकाळी कुणी विचारलं की किती वेळ बघितलंस, तर मला खरंच माहीत नसतं. पण ठेवायचा होता आणि ठेवला नाही, हे मात्र पक्कं माहीत असतं. ते कुणी विचारलंच नाही आजपर्यंत.

खिडकीपाशी काकू, तुमचा मुलगा फार चांगला आहे.


खिडकीपाशी

बाळ, तुझं लिहिणं त्यालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ती ३ देते, मी ४ देतो."


अभ्यासिका

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण आराखडा पुन्हा लिहायला घेतला. काय बदललं ते सांगते.

दुपारचा तास, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर 'कुणीही नाही' असं होतं. ते मला लिहायला जड जातंय, पण तसंच होतं. आता ती प्रश्नावली अ‍ॅपमधून काढली आहे. पहिल्या आणि शेवटच्या दिवशी मुलांनी ती समोरासमोर, समुपदेशक शेजारच्या खोलीत असताना भरायची, आणि नववं उत्तर त्याच दिवशी, मूल घरी जायच्या आधी बघायचं. रोजच्या छोट्या प्रश्नांमध्येही कुणी मोकळ्या जागेत तसं काही लिहू शकतं, म्हणून प्रश्नांची वेळ आणि आमच्या माणसाच्या हजेरीची वेळ एकच ठेवली आहे. त्यासाठी दिवसाचे प्रश्न पाचाचे चार झाले. चालेल. जिवाला धोका दिसला तर आम्ही गुप्तता मोडू, आणि मोडू तेव्हा कुणाला सांगू, हे मुलांना पहिल्या पानावर साध्या शब्दांत सांगणार आहोत.

पालकांना नोंदी दिसणार नाहीत. संमती त्यांची लागेलच. वयाची अट देशोदेशी वेगळी आहे : अमेरिकेत ऑनलाइन माहितीसाठी १३ वर्षांखाली पालकांची संमती लागते, युरोपात १६ (तिथल्या देशांना ती १३ पर्यंत खाली आणता येते), भारताच्या २०२३ च्या कायद्यात १८. पण पालकांनी हो म्हटलं तरी मुलाचा होकार वेगळा घ्यायचा, आणि मुलाने नाही म्हटलं तर तिथेच थांबायचं. पालकांच्या संमतिपत्रात 'मला माझ्या मुलाच्या नोंदी मिळणार नाहीत हे मान्य आहे' अशी ओळ घातली. यामुळे काही पालक मागे हटतील. हटू देत.

सतरा पूर्ण, तुला एक विचारायचंय. 'आज इंटरनेटचा अतिवापर झाला असं वाटतं का?' हा आमचा संध्याकाळचा प्रश्न. तो काढतेय. तुझ्या त्या रात्रीबद्दल तुला कुणी विचारावं असं वाटत असेल, तर तू तो प्रश्न कसा विचारशील?


आकडेमोड

'ठेवायचा होता आणि ठेवला नाही' हे फार नेमकं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराची पहिली खूण 'ताबा सुटणं' हीच दिली आहे, तासांची मर्यादा तिथे कुठेच नाही. या मुलीने ते वर्गीकरण न वाचता लिहिलंय.


सतरा पूर्ण

ताई, थोडा विचार केला. मी असं विचारेन :

'मागच्या वेळी फोन घेतलास तेव्हा, ठेवायचा होता पण ठेवला नाही, असं झालं का?'

हो, नाही, आणि 'ठेवायचाच नव्हता' असे तीन पर्याय द्या. तिसरा नक्की द्या, कारण कधीकधी मजा येत असते आणि तेव्हा 'नाही' म्हटलं तर खोटं वाटतं.

आणि 'का?' लगेच विचारू नका. 'याबद्दल नंतर सांगायचंय' असं बटण ठेवा. मी एकटी असेन तेव्हा उघडेन.


अभ्यासिका

तिन्ही पर्याय आणि ते बटण, दोन्ही घेतलं. बटणावरचे शब्द तुझेच ठेवतेय. त्यातून लिहिलेलं आमच्यापैकी कोण वाचतं आणि कोणत्या वेळेत, हे बटणाच्या खालीच लिहिलेलं असेल.